पंडिता रमाबाई : एक भाषायात्रा

महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. मुलांच्या शाळेची भाषा इंग्रजी, बाजारातली व शेजारपाजारची भाषा त्या त्या प्रांताची, आणि घरात मराठी. या त्रिवेणीत मुलाने मराठीची घागर भरावी तरी केव्हा आणि कशासाठी? मराठीचा आग्रह धरावा तर मुलाची इंग्रजी कच्ची राहील अशी धास्ती. इंग्रजीवर भर द्यावा तर आजीचे पत्रही नातवाला वाचता येणार नाही ही खंत. मंडळाच्या सभांतून या विषयावर आजवर पुष्कळ चर्चा झाल्या आणि पुढेही होतील. सुवर्णमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी त्या चर्चेत आणखी एका मताची भर घालण्यापेक्षा, हा प्रश्न ज्यांनी आपल्या आयुष्यात प्रत्यक्ष जगून दाखविला अशा एका थोर मराठी स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव निघाले की बहुतेकांना त्यांचे धर्मांतर आठवते, काहींना विधवांसाठी काढलेले शारदासदन आठवते. त्यांच्या चरित्राची भाषेच्या अंगाने ओळख करून देण्याचा प्रयत्न मात्र क्वचितच होतो. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत महाराष्ट्रात स्थिर असे वास्तव्य ज्यांना घडले नाही, त्या पुढे मराठी गद्याच्या लेखिका झाल्या. आणि ज्यांनी इंग्रजीचा अभ्यास विशीनंतर आरंभिला, त्यांनी एकोणतिसाव्या वर्षी इंग्रजीत असा ग्रंथ लिहिला की तो अमेरिकेत हजारोंच्या संख्येने खपला. हे कसे घडले हे पाहणे आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांना विशेष बोधप्रद ठरावे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे दक्षिण कानडा जिल्ह्यातील कारकळ भागात स्थायिक झालेल्या चित्पावन कुळातले. विद्येसाठी ते पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकू लागले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. राजस्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून या तरुण शिष्याला नवल वाटले आणि आपणही आपल्या पत्नीस ही विद्या द्यावयाची असा त्याने निश्चय केला. प्रथम पत्नीच्या बाबतीत घरच्या विरोधामुळे तो सिद्धीस गेला नाही. तिच्या निधनानंतर उतारवयात त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू लक्ष्मीबाई त्या वेळी अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांना अनंतशास्त्र्यांनी संस्कृत शिकविले. स्त्रीस देववाणी शिकविल्याबद्दल गहजब झाला, तेव्हा उडुपीच्या विद्वानांसमोर शास्त्राधार दाखवून त्यांनी आपला पक्ष मांडला. पुढे पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम बांधला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

अतिथी आणि विद्यार्थी यांच्या भाराने आश्रमाचा योगक्षेम चालेनासा झाला आणि रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या करंडीत घालून डोंगर उतरविण्यात आले. त्या दिवसापासून रमाबाईंना घर असे राहिलेच नाही. या देवळातून त्या धर्मशाळेत, या तीर्थाहून त्या क्षेत्री, पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर उदरनिर्वाह करावा, असे वर्षानुवर्षे चालले. बदलीच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी गाव बदलणारी आमच्यासारखी माणसे आपल्याला भटकी समजतात. पण डोंगरे कुटुंबाच्या भटकंतीपुढे आमची काय मातब्बरी?

या निराधार भ्रमंतीत मुलीचे शिक्षण कसे झाले? वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमेच्या आठव्या वर्षापासून आईने तिला शिकविण्यास आरंभ केला. घरकाम, यात्रेकरूंची ये-जा आणि पुराणकथन यांतून दिवसा सवड मिळत नसे. म्हणून पहाटे, अंधार असतानाच, आई मुलीला जवळ घेऊन उठवी आणि पाठ सुरू होई. हातात पुस्तक नसे. आईने म्हणावे, मुलीने ऐकावे आणि पुन्हा म्हणावे, हीच रीत. व्याकरण, कोश, गीता आणि भागवत हे सारे या रीतीने मुखोद्गत झाले. पंधराव्या वर्षापर्यंत हा क्रम चालला. इतरांच्या फारशा साहाय्यावाचून पुढचे शिक्षण आपले आपण चालविता यावे, इतकी तयारी आईने करून घेतली, असे रमाबाईंनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संस्कृत ही रमाबाईंची मातृभाषा नव्हे. ती अभ्यासाने, नियमाने आणि पाठांतराने मिळविलेली भाषा. मराठीचे मात्र कोणी पाठ दिले नाहीत. आईवडील आपसांत मराठी बोलत, मराठी वर्तमानपत्रे व पुस्तके वाचीत. ते कानावर पडून मराठी आली. भोवती कानडी, तेलुगू, तमिळ बोलणारी माणसे असताना त्या चिमुकल्या कुटुंबापुरताच महाराष्ट्र शिल्लक होता. पण तेवढा त्या मुलीला पुरला. पुढे प्रवासात कानडी, हिंदुस्थानी आणि बंगाली या भाषाही त्यांना अवगत झाल्या, त्याही मुख्यत्वे लोकांत वावरून. भाषा येण्याचे दोन मार्ग आजचे भाषाशास्त्रज्ञ वेगळे करून दाखवितात : एक, सहवासाने नकळत अंगवळणी पडणे, दुसरा, जाणीवपूर्वक अभ्यास करणे. रमाबाईंच्या बालपणात हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी चाललेले दिसतात आणि एकाने दुसऱ्याची वाट अडविलेली दिसत नाही.

त्यानंतरचा काळ मात्र अत्यंत करुण आहे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात प्रथम वडील, काही आठवड्यांनी आई आणि काही महिन्यांनी थोरली बहीण कृष्णाबाई अशी तिघे गेली. उरली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. ही दोन मुले अन्नावाचून, वस्त्रावाचून हजारो मैल पायी हिंडत उत्तरेस काश्मीरपर्यंत गेली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मराठी मुलीची संस्कृतात परीक्षा घेतली; तिचे अस्खलित संभाषण ऐकून ते चकित झाले. पंडिता आणि सरस्वती या पदव्या तिला तेथेच मिळाल्या. महाराष्ट्राने जिला अद्याप पाहिलेही नव्हते, त्या कन्येचा गौरव बंगालने केला, ही गोष्ट परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाने विसरू नये.

१८८० साली श्रीनिवास निवर्तला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि आसामातील सिल्चर येथे संसार मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला. सुखाचे हे दिवस थोडेच टिकले. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या विकाराने पती गेला आणि तेवीस वर्षांची विधवा दहा महिन्यांची मुलगी घेऊन एकटी राहिली. तेव्हा तिची पावले वळली ती पुण्याकडे. आईवडिलांच्या मुखातून ऐकलेल्या भाषेच्या देशात ती वास्तव्यासाठी अशी प्रथमच येत होती.

पुण्यात रानडे प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला. जून १८८२ मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची भाषा संस्कृतप्रचुर, काहीशी अवघडलेली आहे, आणि ते स्वाभाविकच होते. घरात बोलून आलेली मराठी आणि ग्रंथ लिहिण्याची मराठी यांत अंतर असते. बोली आईकडून येते; लेखनाची भाषा वाचून, लिहून, खोडून पुन्हा लिहूनच येते. रमाबाईंनी ते अंतर प्रथम संस्कृतच्या आधाराने भरून काढले. आपल्या मुलांना मराठी बोलता येते एवढ्यावर समाधान मानणाऱ्या पालकांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

याच वर्षी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग पुण्यास आला. त्याच्यापुढे रमाबाईंनी मराठीतून साक्ष दिली आणि हंटरसाहेबांना ती इतकी मोलाची वाटली की त्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर करवून घेतले. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे ही त्यातील मागणी सर्वश्रुत आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील दुसरा एक मुद्दा अधिक महत्त्वाचा. शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला स्वभाषेचे निर्दोष ज्ञान असावे, आणि त्याच्या जोडीने तिने इंग्रजीही शिकावे, असे त्यांनी सुचविले. आधी स्वभाषा शुद्ध, मग तिच्या जोडीला इंग्रजी, हा क्रम त्यांनी १८८२ साली मांडला. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण व्हावे याचा पुरस्कार २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने केला आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

इंग्रजीची निकड त्यांना स्वतःलाही भासत होती. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे तर ते इंग्रजीतच होते. पुण्यात मिस हरफोर्ड यांच्यापाशी त्यांनी इंग्रजीचे धडे घेतले आणि १८८३ साली लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. तेथील व्यवस्था मोठी बोलकी होती. हिंदुस्थानात कामास यावयाच्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावी आणि भगिनींनी त्यांना इंग्रजी शिकवावी, असा तो व्यवहार होता. विद्यार्थिनीच्या हातीही देण्याजोगे काही आहे, ही भावना भाषा शिकणाऱ्याच्या मनाला केवढे बळ देते! परदेशात गेल्यावर इंग्रजी अडखळत बोलणारा माणूस चारचौघांत बुद्धिहीन ठरविला जातो. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी व सुनांनी तो अनुभव घेतलेला असेल. रमाबाई तेथे इंग्रजीच्या शिष्या होत्या, परंतु त्याच वेळी मराठीच्या गुरू होत्या.

१८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या निर्णयाने महाराष्ट्रात वादळ उठले आणि त्याचे पडसाद त्यांच्या आयुष्यभर उमटत राहिले. त्याविषयी वाचकांची मते भिन्न असणार. तो निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढे मात्र सांगितले पाहिजे की धर्म बदलला तरी भाषेचा अभिमान त्यांनी सोडला नाही. त्यांना दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. आपल्या देशबांधवांना लॅटिन कळत नाही. काही कोरावयाचेच असेल तर ते आपल्या भूमीच्या प्राचीन आणि सुंदर अशा संस्कृत भाषेत असावे, असे त्यांनी मठातील भगिनींना पत्राने स्पष्ट कळविले. परक्या देशात, परक्यांच्या आश्रयास राहून असे लिहिणे हे सामान्य धैर्याचे काम नव्हते.

वैद्यकीचे स्वप्न मात्र भंगले. त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते आणि त्या कारणाने ते शिक्षण अशक्य ठरले. जिने आईच्या मुखातून कानांवाटे विद्या ग्रहण केली, तिच्याच कानांनी असा दगा द्यावा, हा दैवदुर्विलास. पण त्या खचल्या नाहीत. १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांची योग्यता ओळखली. येथेही तोच दुहेरी क्रम राहिला : इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकावयाचे, संस्कृत शिकवावयाचे.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. आल्या होत्या एका समारंभापुरत्या. राहिल्या दोन वर्षांहून अधिक. या काळात त्यांनी अमेरिकेत ठिकठिकाणी इंग्रजीत व्याख्याने दिली, आणि १८८७ साली ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदू स्त्रीची, विशेषतः बालविधवेची, दुःस्थिती त्यात अमेरिकन वाचकांना कळेल अशा सरळ भाषेत मांडली होती. पुण्यात पहिले धडे घेतल्यास पुरती सहा वर्षेही लोटली नव्हती. मग ही परभाषा त्यांना इतक्या थोड्या अवधीत वश कशी झाली? आमच्या अल्पमतीने याचे उत्तर असे की त्या इंग्रजीपाशी रिकाम्या हाताने गेल्या नव्हत्या. व्याकरण म्हणजे काय, शब्दांचे परस्परसंबंध कसे असतात, युक्तिवाद कसा रचावा, श्रोत्यांना कसे जिंकावे, हे सारे त्यांनी मराठीच्या व संस्कृतच्या आश्रयाने आधीच शिकून घेतले होते. इंग्रजीत त्यांना शिकावयाचे होते ते नवे शब्द आणि नवी रचना; विचार करण्याची विद्या नव्याने शिकावयाची नव्हती. पहिल्या भाषेत कमावलेले बळ दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, हे आता शिक्षणशास्त्रात मान्यता पावलेले तत्त्व आहे. इंग्रजीतला तो ग्रंथ त्यांनी कोणाला अर्पण केला असेल? आपल्या माउलीला, लक्ष्मीबाई डोंगरे यांना.

फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचाही अभ्यास केला. लहान मुलाने खेळातून, वस्तू हाताळून, गाण्यांतून शिकावे हे तत्त्व त्यांना मनापासून पटले. इंग्रजीत एवढे यश लाभत असताना त्या विचार करीत होत्या तो मायदेशातील मुलींसाठी सचित्र मराठी वाचनपुस्तके तयार करण्याचा. परभाषेतून जे मिळाले ते स्वभाषेत आणावयाचे, हा त्यांचा निर्धार होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. पुढे महर्षी कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या आनंदीबाई, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, याच सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनी. १८८९ मध्येच अमेरिकेविषयीचे त्यांचे मराठी पुस्तक ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ बाहेर पडले. ‘स्त्रीधर्मनीति’नंतर हे पुस्तक हाती घेतले की सात वर्षांत त्यांची मराठी किती मोकळी झाली ते दिसते. अवघडलेपण गेले, वाक्य सैल व प्रवाही झाले. इंग्रजीने मराठी बिघडते असे म्हणणाऱ्यांनी हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून पाहावेत. मायभाषा पक्की असेल तर परभाषेचा सहवास तिला समृद्धच करतो.

१८९३ मध्ये सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आक्षेपावरून मोठा वाद झाला. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंचे कार्य पुढे केडगावास गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. जिने दुष्काळात आईबाप गमावले तिने दुष्काळातील लेकरांना आसरा द्यावा, हे क्रमप्राप्तच होते. केडगावच्या मुक्तिसदनात मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या मुली एकाच छपराखाली नांदू लागल्या. शाळा, शेती, विणकाम, छापखाना असे सारे उद्योग तेथे स्त्रियांच्या हातांनी चालत.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी पिकल्या वयात, ऐकू फारसे येत नसताना, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृत शब्दांनी जड झालेली भाषा खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला समजत नाही, म्हणून साध्या मराठीत ते उतरवावे ही त्यांची तळमळ. येथे क्षणभर थांबावे. जिला संस्कृतनिष्ठ लेखन सहजसाध्य होते, जिला कलकत्त्याने सरस्वती म्हटले, तिने संस्कृत शब्द बाजूला सारून घरगुती मराठी शब्द वेचावेत, यात तिच्या भाषायात्रेची परिणती आहे. धर्मशाळेच्या ओसरीवर आईने जी मराठी बोलली, तिच्यापाशी ती विदुषी सर्व भाषांची प्रदक्षिणा करून परतली. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच हे भाषांतर छापले आणि १९२४ साली तो ग्रंथ पूर्णपणे प्रसिद्ध झाला. तो पाहावयास रमाबाई नव्हत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. १९८९ साली भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

या चरित्रातून आम्हांस जो बोध होतो तो थोडक्यात सांगतो. मराठी टिकते ती भूमीमुळे नव्हे, मुखामुळे. घरात दोन माणसे जरी ती आवडीने बोलत असतील, तिच्यात काही वाचीत असतील, तर कानडी मुलखातील अरण्यातही ती जगते. आणि घरातच ती मुकी झाली तर सदाशिव पेठेतही तिला कोणी वाचवू शकणार नाही. इंग्रजीचे भय बाळगण्याचे कारण नाही आणि तिच्यासाठी मराठीचा बळी देण्याचेही कारण नाही. मुलाला इंग्रजी यावी असे वाटत असेल तर त्याला प्रथम एका भाषेत तरी खोलवर विचार करता येऊ द्यावा, आणि ती भाषा त्याच्या आईबापांना उत्तम येणारी असावी, हे उघडच आहे. लक्ष्मीबाईंपाशी ना घर होते, ना पाटी, ना पुस्तक. होता फक्त पहाटेचा थोडा वेळ.

गेली पन्नास वर्षे आपल्या मंडळाने गणेशोत्सव, नाटके, वाचनालय आणि हळदीकुंकू यांच्या निमित्ताने मराठी कानांना मराठी शब्द ऐकविले. ते कार्य यापुढेही अखंड चालावे. पण मंडळाचा दिवस वर्षातून मोजका. घरातील पहाट मात्र रोज उगवते. तेवढी वेळ प्रत्येक घराने मराठीसाठी राखून ठेवावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात आमची सर्व मराठी बंधुभगिनींना नम्र विनंती आहे.